तिसरा आग्रह

"दोनदा विचारलं आणि बॅगा भरल्या!" फरामर्झखानांनी फासे पटावर आपटले. "तिसऱ्यांदा विचारलं असतं, तर हो म्हणणार होतो की आम्ही!"

समोर बसलेल्या होर्मोझने जांभई दिली. दोघं तेहरानच्या परराष्ट्र खात्यातून एकाच वर्षी निवृत्त झालेले. युरोपच्या त्या शिष्टमंडळाची गोष्ट त्याने शंभरदा ऐकली होती.

"अरे, तआरोफ कळत नाही त्यांना. पहिलं 'नको' म्हणजे रीत, दुसरं 'नको' म्हणजे मान. खरं उत्तर तिसरं. आपल्या शेंबड्या पोरांनाही कळतं हे! तीस वर्षं घालवली मी या साहेबांबरोबर, एकाला म्हणून उमगलं नाही."

"मग तूच सरळ हो म्हणायचंस."

"पहिल्याच फटक्यात? काही लाजलज्जा?"

तेवढ्यात फोन वाजला. नंबर न बघताच त्यांनी तो उचलला.

"बाबा, मी ताराने बोलतेय."

फरामर्झखान पटावरून उठले. नऊ वर्षं! हॅम्बुर्गला निघालेल्या मुलीला ते रागाच्या भरात म्हणाले होते, गेलीस तर पुन्हा या घरात पाऊल ठेवू नकोस. तिने ठेवलं नाही. तिची आठवण आली नाही असा एक दिवस गेला नव्हता, पण शब्द मागे घ्यायला काही जीभ रेटली नव्हती.

रस्त्यावर मीठवाल्याची गाडी भोंग्यावर ओरडत होती. त्यांनी घाईघाईने खिडकी लावली, तरी फोनमधली कटकट काही कमी होईना.

"बाबा, मी घरी आले तर चालेल?"

ये म्हण, ये म्हण, असं आत कुणीतरी ओरडत होतं.

"कशाला गं एवढा त्रास, तारानेजान? लांबचा प्रवास. नको."

"त्रास कसला? खरंच येऊ का?"

"छे, छे, नको. कामंधामं सोडून या म्हाताऱ्यासाठी कुठे धावतेस?"

मग ती म्हणाली, "बरं, बाबा. जपा तब्येतीला."

फोन बंद झाला.

"गाढवा!" होर्मोझ उभाच राहिला. "नाही म्हणालास पोरीला?"

"दोनदाच." फरामर्झखानांचे डोळे भरले होते, पण चेहरा उजळला होता. "आता तिसऱ्यांदा विचारेल, बघच तू. माझ्या हाताखाली वाढलीये ती."

"नऊ वर्षं त्या साहेबांतच राहिलीये! लाव, तूच लाव फोन."

"विचारू दे रे तिला. तोंडातून शब्द निघायच्या आत ये म्हणतो की नाही बघ."

त्यांनी खेळ मोडला. गोर्मे सब्झीसाठी चिरून ठेवलेली पालेभाजी फ्रीजरमधून काढली. तारानेचा जीव की प्राण ती. तिच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आणि होर्मोझला उशांचे अभ्रे बदलायला लावले. तो पुटपुटत होता, पण बदलत होता. मध्येच फोन वाजला तेव्हा फरामर्झखान ठेचकाळत धावले. औषधाच्या दुकानातून होता. त्यांनी दुकानदाराला झापलं आणि लाइन मोकळी ठेवायला सांगितलं.

अर्ध्या तासाने दार वाजलं. तळमजल्यावर नव्यानेच राहायला आलेल्या शोकत खानूम हातात गरम संगक रोटी घेऊन उभ्या होत्या.

"घ्या, तुमच्यासाठी आणली," त्या म्हणाल्या. "आणि एक विचारू? तुम्हाला मुलगी आहे हे कधी बोलला नाहीत ते!"

"आहे ना. हॅम्बुर्गला असते. येणारे आता."

शोकत खानूम गोंधळल्या.

"येणारे? अहो, मघाशी खाली दारातच उभी होती की, एवढी मोठी बॅग घेऊन. फोनवर बोलली आणि रडायलाच लागली. मी घरात चला म्हटलं तर टॅक्सी थांबवून विमानतळाकडे निघाली. म्हणाली, वर माझे बाबा राहतात, त्यांच्याकडे जरा लक्ष असू द्या."