अकरा चुका

हर्डीकर सरांनी ब्रेलचा कागद टेबलावर पसरून त्यावर बोटं ठेवली. "वृषालीताई, आता अकराच चुका राहिल्या. एवढ्या निस्तरा, की आमची सगळी अंध मंडळी हाच फोन घेणार बघा!"

वृषालीनं समोरच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं. तिनं सहा वर्षं हाडाची काडं करून उभी केलेली मोबाइलची ऑपरेटिंग सिस्टीम कंपनीनं आज सकाळीच गुंडाळली होती. तिचा संगणकही बंद केला होता. सरांना कुणी कळवलंच नव्हतं.

दर महिन्याला सर फोन वापरताना सापडलेल्या चुका वाचत आणि ती टाइप करून घेई. आजही ते उत्साहानं वाचत सुटले. तिसऱ्या चुकेपाशी मात्र त्यांची बोटं थबकली.

"ताई, आज बटणांचा आवाज येत नाही?"

वृषालीनं डोळे पुसले आणि बंद संगणकाचीच बटणं ती खडखड दाबू लागली.

"हं, आता चौथी," सर खुशीत म्हणाले.