सुटा रिमोट

बारांकिया शहराच्या बाजारात, भरदुपारी, एव्हारिस्तोने गाडीचा रिमोट चावीवाल्या नुबियाच्या टेबलावर आपटला.

"तिसरा सेल घातलात, तरी गाडी आपोआप लॉक होते! दुरुस्ती करता की पोरखेळ?"

बाहेर उन्हात उभ्या असलेल्या त्याच्या रिकाम्या गाडीने खट्कन दारं लावून घेतली.

"बघा! काल पार्किंगवाल्याला झापत होतो, तेव्हा हेच. सकाळी बायकोशी वाजलं, तेव्हाही हेच!"

नुबियाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग तिने रिमोट उघडला, सेल काढला आणि आतली बटणांची पट्टीही सुटी करून टेबलावर ठेवली. "आता यातून काही होणं शक्य नाही. साध्या चावीने उघडून बघा."

तो पाय आपटत गेला. चावी फिरवताच खिडकीशी लॉकची खुंटी वर आली.

"एवढं आधी कळत नव्हतं?" तो तिथूनच गरजला.

त्याच्या डोळ्यांदेखत खुंटी खाली गेली.

त्याने टायरला लाथ हाणली, काचेवर मूठ आपटली, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. नुबिया घाईघाईने जवळ आली.

"भाऊ, आवाज खाली घ्या. तुम्ही ओरडलात की लगेच लागतंय ते."

"गाडीत कोण आहे ऐकायला?"

तिने वाकून आत पाहिलं. काचेपलीकडे रिकाम्या सीटा दिसत होत्या. एव्हारिस्तोची कानशिलं तडतडत होती, तरी त्याने राग गिळला.

"बरं," तो हळू आवाजात म्हणाला. "नाही ओरडत."

खुंटी सावकाश वर आली. मग मागचं दार आतून वीतभर उघडलं.