शेजारची सीट

लग्नाआधी भेटायला आम्हाला खोली नव्हती, म्हणून या गाडीतच आम्ही एकमेकांचे झालो. गेलं वर्षभर नवऱ्याला माझ्याकडे बघायलाही सवड नव्हती, आणि गाडीतली माझी सीट रोज सकाळी मागे लवंडलेली असायची.

"कोणाला फिरवतोस?" मी विचारलं.

"कोणालाही नाही. उगाच डोकं खाऊ नकोस."

मी सीट सरळ केली आणि दोन्ही किल्ल्या उशाखाली घेऊन झोपले. सकाळी सीट पुन्हा लवंडलेली!

माझं डोकंच फिरलं. आज ही गाडी विकूनच टाकते, म्हणून मी एकटीच ती घेऊन निघाले. चौकात वळताच टूं टूं सुरू झालं. शेजारी बसलेल्या माणसाने पट्टा लावला नाही, की गाडी अशी बोंबलते. शेजारी कोणी नव्हतं. माझी पर्ससुद्धा मागे होती.

भर दुपारी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून मी त्या रिकाम्या सीटवर ओरडले, "लाज नाही वाटत? माझ्या जागेवर बसतेस? चल, उतर खाली!"

टूं टूं चालूच होतं. तिला बाहेर काढायला मी वाकून पलीकडचं दार उघडणार, तेवढ्यात पट्टा सरसरत खाली आला आणि खटकन अडकला.

आवाज थांबला.