माझ्या मातीत पडणार नाही

सून दरवर्षी म्हणायची, "बाबा, यंदा तरी ते नवं कपाशीचं बियाणं आणा. त्याला बोंडअळी लागत नाही, निम्मी फवारणी वाचते."

सासऱ्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, "प्रयोगशाळेतलं बी माझ्या मातीत पडणार नाही."

मग ती हंगामभर तोंडाला ओढणी गुंडाळून, पाठीवर पंप घेऊन औषध मारायची. घरी आली की डोळे चोळत, खोकत स्वयंपाकाला लागायची.

यंदा तिला दवाखान्यात नोकरी लागली. त्याच आठवड्यात सासरे दुकानात गेले आणि त्यांनी नव्या बियाण्याची पाकिटं मागितली.

दुकानदार हसला. "काका, इतकी वर्षं कुणाचं ऐकलं नाहीत. शेवटी सुनेनं मन वळवलं वाटतं?"

 

त्यांनी मान खाली घातली. "नाही रे. यंदा फवारायला मीच उरलोय."