गुरुवारची गाडी

“किल्ली अर्धीच फिरवा, बाबा. वेटोळ्याचा पिवळा दिवा लागला?”

“लागला.”

“आता विझेपर्यंत थांबा. डिझेलची गाडी आहे, तिला गरम व्हायला वेळ द्यावा लागतो. विझला?”

“विझेल. घाई काय आहे?”

घाई होती ती फक्त गॅरेजच्या मालकीणबाईंना. त्या कमरेवर हात ठेवून अंगणात उभ्या होत्या. दोन गाड्या बॉनेट उघडून खोळंबल्या होत्या आणि त्यांचा सगळ्यात हुशार मेकॅनिक बेकरीवाल्याच्या करड्या गाडीत ऐसपैस बसून, फोन डॅशबोर्डवर ठेवून, दोनशे किलोमीटरवरच्या बापाची गाडी सुरू करून देत होता. आज सलग अकरावा गुरुवार.

गॅरेजमध्ये त्याला सगळे डॉक्टर म्हणत. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून तो दुखणं सांगायचा. आता त्याच नावावरून त्याची टर उडत होती. लोकांच्या गाड्या दहा मिनिटांत आणि बापाची गाडी तीन महिने! दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

“आता किल्ली पूर्ण फिरवा,” डॉक्टर म्हणाला. “आणि मला आवाज ऐकू द्या.”

फोनमधून घर्रर्र आवाज आला. जरा दम खाऊन पुन्हा घर्रर्र. मग मागून आईने विचारलं, “झालं का? की अजून एकदा?”

“पुरे, पुरे,” वडील घाईघाईने म्हणाले.

मालकीणबाईंनी कान टवकारले. पंचवीस वर्षं त्या या धंद्यात होत्या, पण असा स्टार्टर त्यांनी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. डॉक्टर मात्र गंभीरपणे मान डोलवत होता. शेजारच्या सीटच्या कव्हराला निळ्या दोऱ्याने शिवलेलं एक ठिगळ होतं, त्यावरून त्याची बोटं फिरत होती.

वडील कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मुलाने टेबलखुर्चीची नोकरी सोडून हातात पाना घेतला, तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. चार वर्षं एक शब्द नाही. मुलगाही त्याच वळणाचा, त्यानेही फोन केला नाही. मग एका गुरुवारी अचानक त्यांचा फोन आला. कसा आहेस नाही, काही नाही. “मेकॅनिक आहेस ना? मग सांग. गाडी सुरू होत नाही.” त्या दिवशी आनंदाच्या भरात डॉक्टर जेवायचाच विसरला.

पहिले तीन आठवडे त्याने झपाट्याने उपचार केले. बॅटरीची टोकं घासायला लावली, फिल्टरमधलं पाणी काढायला लावलं, नळीत अडकलेली हवा हातपंप दाबून बाहेर काढवली. चौथ्या आठवड्यापासून मात्र तो एकाएकी संथ झाला. एका गुरुवारी एकच नट. गाडी सोडली तर बापलेकांत बोलायला विषय नव्हता. विषय संपला की पुन्हा ती चार वर्षांची मुकी शांतता, याची त्याला धास्ती होती.

“आज फिल्टरचं झाकण तेवढं घट्ट करा,” तो म्हणाला. “बाकी पुढच्या गुरुवारी बघू.”

“बरं,” वडील म्हणाले. “जेवलास का?”

“जेवलो. तुमचा गुडघा कसा आहे?”

“आहे जागेवर.”

मालकीणबाईंचा संयम संपला. त्यांनी खिडकीतून हात घालून फोन उचलला. “काका, मी गॅरेजची मालकीण बोलतेय. उद्या आमचा टेम्पो पाठवते. गाडी ओढून इथे आणू आणि एका दिवसात करून देऊ.”



“टेम्पो?” वडील चाचरले. “नको, नको. कशाला उगाच... म्हणजे गाडी तशी... राहू दे आता. यापुढे फोन करून त्रास नाही देणार.”

फोन बंद झाला. डॉक्टरचा चेहरा खर्रकन उतरला.

“बाई, काय केलंत हे!”

“काय केलं? दर गुरुवारी तू या बेकरीवाल्याची गाडी बोलावून घेतोस, फुकट धुतोस, मी गप्प बसते. वर त्याच गाडीत बसून हा दवाखाना! अरे, एक गाडी तुला तीन महिने सुरू करता येत नाही?”

डॉक्टरने समोरची किल्ली फिरवली. बेकरीवाल्याची गाडी एका झटक्यात सुरू झाली.

“ही घ्या,” तो म्हणाला. “ही बाबांचीच गाडी. बेकरीवाल्याने चार महिन्यांपूर्वी त्यांच्याकडून विकत घेतली. चौथ्या आठवड्यात तो पहिल्यांदा इथे आला, तेव्हा मी नंबर पाहिला. हे ठिगळ आईनं घातलंय.”

मालकीणबाई ठिगळाकडे बघत राहिल्या. “मग तो स्टार्टरचा आवाज?”

“आईचा मिक्सर.”

इंजिन छान एका लयीत चालू होतं. बाईंनी पदराने कपाळ पुसलं, मग डोळेही पुसले, आणि फोनवर शेवटचा नंबर पुन्हा लावला. पहिल्याच रिंगला तो उचलला गेला.

“काका, आमचा टेम्पोच बंद पडलाय,” त्या म्हणाल्या. “तुमची गाडी फोनवरूनच करावी लागणार. आणि डॉक्टर म्हणतोय, अख्खं इंजिन खोलायचंय. नुसत्या गुरुवारांनी भागायचं नाही, रोज फोन करा.”