खिंडीतला ओटा

मथुराकाकू मेथी खुडायला परसात गेल्या, तोच खालच्या वाडीतून विलासची हाक आली, "काकू, ओट्यावर बसा की. फोन मधेच तुटला."

काकूंनी कपाळावर हात मारला. टॉवर पाडून सरकारने माणसांच्या मनगटात चिप बसवल्या, तेव्हापासून एकाचा फोन दुसऱ्याच्या अंगातून पुढे जायचा. खिंडीत घर एकट्या काकूंचं. त्या ओट्यावर असल्या तरच वाडीला रेंज.

"मी काय विजेचा खांब आहे?" असं पुटपुटत त्या ओट्यावर येऊन टेकल्या. लगेच मनगटाला झिणझिण्या आल्या आणि कातडीवर नाव उमटलं, हेमंत. पुण्याचा लेक. काकूंनी घाईघाईने पदर सावरला. पण फोन त्यांच्यासाठी नव्हताच, तो त्यांच्यातून विलासकडे चालला होता. बराच वेळ मनगट नुसतं झिणझिणत राहिलं.

मग विलास खालून ओरडला, "काकू, हेमंत विचारत होता, आई बरी आहे ना? म्हटलं, तुझा फोन लागला म्हणजे ठणठणीतच असणार."

काकू उठल्या आणि परसात गेल्या. वाडीतून हाकांवर हाका येत होत्या. त्यांनी अख्खा वाफा खुडला, मग लसणाला पाणी घालायला घेतलं.