डिकीवरचं नाव

“एकच नाव लिव. स्वरूप. मोठ्ठ्या अक्षरात.”

कमळाकरनं पेंटरला हे सांगितलं तेव्हा त्याची मुलगी कुणाली फियाटच्या बॉनेटवर झेंडूचं तोरण बांधत होती. गाठ मारता मारता तिचे हात थांबले. नथू पेंटरनं ब्रश डबीत बुडवला, पण डिकीला टेकवला नाही. किन्हवलीच्या निम्म्या जीपांवर आणि टेम्पोंवर त्यानंच मालकांच्या पोरांची नावं रंगवली होती. तरी ही गाडी कुणी घासली, कुणी रंगवली, हे त्यालाही ठाऊक होतं.

“आनि ताईचा?” त्यानं विचारलं.

“तिचा कशाला? उद्या लगीन होऊन जाईल. सासरी नावपन बदलतील. गाडीवर ठेवून काय करू?”

कमळाकर वाईट मनानं बोलला नाही. शेताचं पाणी वळवायला सांगावं तसा सहज बोलला. म्हणूनच कुणालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

फियाट भंगारातून आणली तेव्हा तिच्या बुडातून खालची माती दिसत होती. वेल्डिंग कमळाकरनं केलं, नाही म्हणायचं कारण नाही. पण जुना रंग खरवडला तो कुणालीनं. पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, पाणी मारून वॉटरपेपरच्या खरखरीत कागदानं घासायची, हात फिरवून बघायचं, कुठं खड्डा लागला की पुन्हा लांबी. पावसाळाभर ताडपत्रीखाली हेच चाललं होतं. बोटांची सालं निघाली तेव्हा चिंध्या बांधून घासलं. सीटची कव्हरं तिनं शिवली. रंगही तिनंच निवडला, भाताच्या कोवळ्या रोपासारखा हिरवा. गाडी बघायला कुणी अंगणात आलं की कमळाकर छाती फुगवून सांगायचा, “माजी कुणाली पोरासारखी हाय.”

तिचा धाकटा भाऊ स्वरूप कल्याणला नोकरीला. काल तो सणासाठी आला. आज दसरा, पूजा झाली की गाडी पहिल्यांदा तोच चालवणार, देवळापर्यंत नेणार, असं ठरलं होतं. ठरवताना कुणालीला कुणी विचारलं नव्हतं. आल्यापासून त्यानं गाडीला एकदाच हात लावला, भांग बघायला आरसा वळवला तेव्हा.

“बाबा, माजा नाव का नाय?” कुणाली डिकीकडे आली.

“सांगितला ना आत्ता.”

“पोरासारखी म्हनत होतात.”

“मग हायेसच. मी कुठं नाय म्हनतो?”

“मग लिवा.”

“सणाच्या दिवशी डोका नको फिरवू. नथू, लिव रे तू.”

स्वरूप आरशापासून बाजूला झाला. “जाऊ दे ना ताई. नुसता नाव तर हाय.”

“नुसता हाय ना? मग ‘माजा नको’ असा बोल की.”

स्वरूपनं बापाकडे पाहिलं. नको म्हणायला त्याची जीभ वळली नाही. नथूनं मान खाली घालून अक्षरं काढली. कामाला तो पक्का होता. पांढरी अक्षरं, त्यांना लाल सावली. हिरव्या रंगावर ती उठून दिसत होती, आणि ती छान दिसतायत हे बघून कुणालीला आणखी संताप आला.

ती पडवीत गेली आणि वॉटरपेपर घेऊन आली.

कमळाकर झटकन डिकीकडे पाठ करून आडवा उभा राहिला. “खबरदार! वला हाय रंग.”

कुणालीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. ती पुढे गेली. मघाशी बांधलेलं तोरण तिनं ओढून काढलं, बॉनेटवर पेपर टेकवला आणि सगळ्या अंगाचा जोर देऊन घासायला लागली. दात शिवशिवतील असा आवाज झाला. हिरव्याखालून करडा प्रायमर वर आला.

“येडी झालीस काय गो?” कमळाकर धावत आला. “थांब! अगो थांब! केवढी मेहनत हाय ती!”

“कुनाची?”

तो बॉनेटच्या आडवा यायला लागला.

“नाव राहू दे तुमचा,” कुणाली म्हणाली. “नावाला मी शिवनार नाय. माजा हाय तेवढा काढून घेते.”

त्यानं तिचं मनगट धरलं. तिनं ते हिसडलं आणि मडगार्डकडे वळली. हिच्या हाताला आपण कुठं कुठं अडवणार, हे कमळाकरला समजेना. दारं तिची, टप तिचा, डिकीसुद्धा तिचीच. तिथलं ते एक नाव सोडलं तर गाडीवर दुसऱ्या कुणाचं काही नव्हतं.

त्याची बायको गिरजा आरतीचं ताट घेऊन केव्हाची ओट्यावर उभी होती. त्यानं सगळा राग तिच्यावर काढला. “बघत काय ऱ्हायलीस? सांग तुज्या पोरीला!”

गिरजा हे तिचं सासरचं नाव. लग्नात तांदळात लिहिलेलं. माहेरी तिला काय म्हणत, ते या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं.

तिनं पेटत्या निरांजनासकट ताट ओट्यावर ठेवलं. न्हाणीतून पाण्यानं भरलेली बादली उचलली, नवऱ्याच्या समोरून नेली आणि कुणालीच्या पायाशी ठेवली.

“पानी घे गो,” ती म्हणाली. “कोरड्यानं नाय निघायचा.”